ऑक्टोबरचे सत्र, जपानीचा वर्ग आणि आपली मराठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात दोन वर्षे शनिवार-रविवारच्या वर्गांत शिकून तुम्ही जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-४ पातळी (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड) उत्तीर्ण झालात, एप्रिलमध्ये पदव्युत्तर अभियांत्रिकीसाठी ओसाकाला गेलात, मुख्य अभ्यासक्रम इंग्रजीतून असल्याने पहिल्या सत्रात विद्यापीठातल्या जपानीच्या वर्गाला जमेल तसे बसलात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येऊन गेलात. आता ऑक्टोबरचे सत्र सुरू झाले आहे, पातळी ठरवण्याच्या चाचणीत तुम्हाला मध्यम पातळीचा वर्ग मिळाला आहे, पण पहिल्या दोन तासिकांत शिक्षिकांचे बोलणे निम्मेही समजले नाही. शेजारची चिनी मुले कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरे, झरझर वाचतात, मार्गदर्शक प्राध्यापक म्हणतात की प्रयोगशाळेत इंग्रजी चालते, आणि तुम्हाला प्रश्न पडला आहे की वर्ग सोडावा, खालच्या वर्गात जावे, की डिसेंबरच्या एन-३ परीक्षेकडे डोळे लावून तग धरावा.

मी पुण्यात गेली २२ वर्षे जपानी शिकवते आणि त्याआधी कान्साइ, म्हणजे ओसाका-क्योतोच्या, भागातच एक वर्ष विद्यार्थिनी म्हणून राहिले आहे, त्यामुळे उत्तर देताना थोडे स्वतःचेही सांगेन. वर्ग सोडू नका, एक पातळी खाली जा आणि डिसेंबरच्या परीक्षेचा विचार डोक्यातून काढून टाका. याहून महत्त्वाचा सल्ला तुम्ही विचारलेला नाही, तरी तो देणार आहे: जपानीच्या वर्गात इंग्रजीतून विचार करणे थांबवा आणि मराठीतून करायला लागा. या उत्तराचा बराचसा भाग त्याविषयीच असेल.

आधी वर्गाचे पाहू. पातळी ठरवण्याच्या चाचण्या बहुतेक ठिकाणी पर्याय निवडण्याच्या असतात. चारांतला बरोबर पर्याय ओळखणे आणि तेच वाक्य तोंडातून काढणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे आपल्याकडून गेलेल्या मुलांना तिथे गेल्यावरच कळते, कारण आपल्याकडची तयारी मुख्यतः परीक्षेची असते आणि त्या परीक्षेत बोलण्याचा भाग नसतो, लिहिण्याचाही नसतो. माझे स्वतःचे असेच झाले होते. चाचणीत मी व्याकरणाचे अवघड प्रश्न सोडवले आणि वरच्या वर्गात जाऊन बसले. तीन आठवड्यांनी कोटाचे बटण धुलाईत निघाले म्हणून धुलाईवाल्याच्या दुकानात गेले तर तक्रारीचे एक वाक्य मला जुळवता येईना. मी बटण गेलेल्या जागेवर बोट ठेवून नुसती उभी राहिले. काउंटरवरच्या बाईंनीच शेवटी माझ्या वतीने वाक्य म्हटले: ‘बोतान गा तोरेते शिमात्ता न देसु ने.’ परत येताना रस्त्यात मी ते मनाशी मराठीत म्हणून पाहिले, ‘बटण निघून गेलंय ना,’ आणि थबकले, कारण ‘तोरेते’ म्हणजे ‘निघून’, ‘शिमात्ता’चे काम ‘गेलं’ने केले होते, शेवटचा ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’, आणि शब्दांचा क्रमही तोच होता. दोन वर्षे मी हे रूप इंग्रजी स्पष्टीकरणातून पाठ केले होते, ज्यात ‘खेद किंवा पूर्णत्व दर्शवणारे रूप’ असे काहीतरी लिहिलेले असे. ‘विसरून गेलो’, ‘खाऊन टाकलं’, ‘सांगून बसलो’ असे रोज बोलणाऱ्या माणसाला त्या स्पष्टीकरणाची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांना विचारून खालच्या वर्गात गेले.

तुम्ही खाली जावे की नाही हे तपासायचे असेल तर मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केले ते तीन मिनिटे जपानीत सांगा. मग ऐका. क्रियापदांची ‘ते’ (करून), ‘ता’ (केले) आणि ‘नाइ’ (करत नाही) ही रूपे न अडखळता येत असतील आणि केवळ शब्द आठवत नसतील, तर मध्यम वर्गात राहायला हरकत नाही, महिन्याभरात कान तयार होतील. पण दर वाक्यात ‘जाऊन’साठी ‘इत्ते’ की ‘इकिते’ असे थांबावे लागत असेल, तर मध्यम वर्गात तुमचे नुकसान होईल, कारण तिथे ही रूपे येतात असे धरूनच शिक्षिका पुढे जातात. सत्र साधारण १५ आठवड्यांचे असते. त्यातले पहिले चार गोंधळात गेले तर उरलेल्या अकरांत ते भरून निघत नाहीत. खालच्या वर्गात बसण्यात कमीपणा काही नाही. उलट ज्याला पुस्तकातले व्याकरण आधीच ओळखीचे आहे, त्याला तिथे बोलायला मोकळीक मिळते.

आता मराठीचे. इंग्रजीतून लिहिलेली जपानीची पुस्तके इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत, आणि इंग्रजीला जपानी वाक्य उलटे वाटते म्हणून त्या पुस्तकांत ते उलगडण्यावर पानेच्या पाने खर्च होतात. आपल्याला ते उलटे वाटण्याचे कारण नाही. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम सारखा. विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे लागतात, तसेच तिकडचे ‘ओ’, ‘नि’, ‘कारा’, ‘मादे’. ‘पुण्यापासून मुंबईपर्यंत’ आणि ‘ओसाका कारा क्योओतो मादे’ यांत शब्द सोडले तर वेगळे काय आहे? ‘मला कॉफी आवडते’ या वाक्यात आवडणारी वस्तू व्याकरणाने कर्ता असते. ‘वाताशि वा कोओहिइ गा सुकि देसु’ या वाक्यात कॉफीला कर्त्याचा ‘गा’ का लागतो हे इंग्रजीतून समजावताना दमछाक होते, मराठी मुलाला ‘कॉफी आवडते, म्हणून कॉफीला गा’ एवढे सांगितले की पुरते. ‘मला जपानी समजतं’, ‘मला पोहता येतं’, ‘मला पाणी हवंय’ ही सगळी वाक्ये याच साच्यातली आहेत.

खरी श्रीमंती संयुक्त क्रियापदांत आहे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन बघणे’, आणि ‘मिरु’चा मूळ अर्थही बघणे हाच आहे. ‘किप्पु ओ कात्ते ओकु’ म्हणजे ‘तिकीट काढून ठेवणे’, आणि ‘ओकु’ म्हणजेही ठेवणे. ‘सेन्सेइ नि नाओशिते मोराउ’ म्हणजे ‘सरांकडून दुरुस्त करून घेणे’. इथे ‘मोराउ’ म्हणजे घेणे, मिळवणे. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, शब्दशः ‘जाऊन येतो’, आणि घरातले लोक ‘इत्ते इराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’, म्हणतात. ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हे आपल्याला आजीने शिकवलेले असते. ओसाकाच्या वसतिगृहात तेच वाक्य तुम्ही रोज सकाळी ऐकत असाल आणि पाठ केलेला शिष्टाचार म्हणून परत म्हणत असाल.

अटींची वाक्ये घ्या. ‘आमे गा फुत्तारा’ हे रूप भूतकाळी ‘फुत्ता’ला ‘रा’ लावून होते. भविष्यातल्या पावसासाठी भूतकाळाचे रूप का, असा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो. मी फळ्यावर ‘पाऊस पडला तर’ एवढेच लिहिते. ‘पडला’ हे रूप कोणत्या काळाचे आहे, हे आपण जन्मभर न विचारता वापरत आलो आहोत. परवानगीचेही तसेच: ‘सुवात्ते मो इइ देसु का’ म्हणजे ‘बसलं तरी चालेल का’. मनाईसाठी ‘सुवात्ते वा इकेनाइ’, ‘बसून चालणार नाही’. त्यातल्या ‘इकेनाइ’चे मूळ ‘इकु’, म्हणजे जाणे, या धातूत आहे, आपण चालणे वापरतो, ते जाणे वापरतात. सक्तीसाठी जपानीत ‘इकानाकेरेबा नारानाइ’ असे लांबलचक रूप आहे, ज्याला घाबरून अर्धा वर्ग गळतो. ते आहे ‘गेलं नाही तर व्हायचं नाही’, आपल्या भाषेत ‘गेल्यावाचून चालणार नाही’. मराठीत असे बोलणारी माणसे अजून आहेत.

विशेषण-वाक्यांचा तर प्रश्नच मिटतो. ‘किनोओ कात्ता होन’ म्हणजे ‘काल घेतलेलं पुस्तक’. जपानीत ‘जे-ते’ नाही, पण मराठीतही ‘जे पुस्तक मी काल घेतले ते’ असे आपण बोलताना क्वचितच म्हणतो. ‘घेतलेलं’, ‘येणारा’, ‘बसलेली’ ही धातुसाधितेच वापरतो. ‘तो इउ’ म्हणजे ‘नावाचा’ किंवा ‘असं’, आणि ऐकीव गोष्टीच्या शेवटचे ‘सोओ देसु’ म्हणजे आपले ‘म्हणे’: ‘उद्या सुट्टी आहे म्हणे.’ सत्राच्या पहिल्या महिन्यात वहीच्या डाव्या बाजूला जपानी वाक्य आणि उजवीकडे बोलीतली मराठी, इंग्रजी अजिबात नाही, अशी सवय लावा. पुस्तकी मराठीत लिहू नका, घरी बोलता तशी लिहा, कारण ‘विस्मरण झाले’ असे लिहिले तर ‘विसरून गेलो’मधले ‘गेलो’ हरवेल आणि आपल्याला तेच तर हवे आहे.

तरीही मराठी सगळीकडे सोबत करत नाही, आणि जिथे ती पाय घसरवते त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे आपला ‘त’ प्रत्यय. ‘वर्गात आहे’ आणि ‘वर्गात शिकतो’ या दोन्हींत आपण ‘त’ लावतो. जपानीत असण्याच्या जागेला ‘नि’ आणि काही करण्याच्या जागेला ‘दे’ लागतो: ‘क्योओशित्सु नि इरु’, पण ‘क्योओशित्सु दे बेन्क्योओ सुरु’. मराठी मुलांच्या निबंधांत मी लाल पेनाने सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक हीच. दुसरी जागा ‘ला’ची: ‘मित्राला भेटलो’मध्ये ‘नि’, पण ‘मित्राला बोलावलं’मध्ये ‘ओ’. प्रत्येक नवे क्रियापद त्याच्या प्रत्ययासह पाठ करणे एवढाच इलाज आहे. भेटण्यासाठी नुसते ‘आउ’ असे न लिहिता वहीत ‘नि आउ’ असे लिहा. तिसरी जागा देण्याची. आपण ‘मी त्याला दिलं’ आणि ‘त्यानं मला दिलं’ दोन्हींना देणेच म्हणतो, जपानीत आपल्याकडून बाहेर जाणाऱ्याला ‘आगेरु’ आणि बाहेरून आपल्याकडे येणाऱ्याला ‘कुरेरु’.

या शेवटच्या फरकामागे जी गोष्ट आहे, ती व्याकरणापेक्षा मोठी आहे: आतले आणि बाहेरचे, त्यांच्या भाषेत ‘उचि’ आणि ‘सोतो’. आपण मोठ्यांना ‘अहो’ म्हणतो आणि परक्यासमोर वडिलांविषयी बोलतानाही ‘बाबा आले आहेत’ असा आदरार्थी बहुवचनाचा मान देतो. जपानीत परक्यासमोर स्वतःच्या घरच्या माणसांना मोठेपणा द्यायचा नसतो. दुसऱ्याचे वडील ‘ओतोओसान’, आपले मात्र परक्यांशी बोलताना ‘चिचि’. प्रयोगशाळेत तुमच्या प्राध्यापकांना बाहेरच्या विद्यापीठातून दूरध्वनी आला आणि तो तुम्ही घेतला, तर सर्वस्वी आदरणीय असलेल्या त्याच प्राध्यापकांविषयी तुम्हाला नम्र, म्हणजे खालच्या पातळीवरची, क्रियापदे वापरावी लागतील. मराठी संस्कारात वाढलेल्या मुलाची जीभ इथे अडते, व्याकरण पाठ असले तरी अडते. ‘केइगो’चे, म्हणजे आदरार्थी भाषेचे, पाठ या सत्रात येतील तेव्हा तक्ते घोकण्याआधी बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो, असे तिघे कागदावर काढा आणि कोण कोणाच्या वर्तुळात आहे ते पाहा.

आणखी एक लहानशी पण तुमच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडेल अशी गोष्ट सांगते. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे अशा जोड्या मराठीत आहेत, जपानीतही ‘वारेरु-वारु’, ‘कोवारेरु-कोवासु’, ‘ओचिरु-ओतोसु’ अशा आहेत, त्यामुळे त्या शिकायला सोप्या जातात. पण वापरताना आपली सवय आड येते. हातातून चंचुपात्र पडून फुटले की आपण ‘फुटलं’ म्हणतो, फार तर ‘माझ्याकडून फुटलं’. तिथे ‘वारेमाशिता’ म्हटले तर ते आपोआप फुटले असा सूर निघतो आणि माणूस जबाबदारी झटकतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. ‘वात्ते शिमाइमाशिता’ म्हणा, म्हणजे ‘फोडून बसलो’. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात तीन वस्तू फोडल्या आणि तिन्ही वेळा बरोबर क्रियापद वापरले म्हणून त्याला कोणी रागावले नाही, असे तो सांगतो. मी त्यावर फारसा विश्वास ठेवलेला नाही.

उच्चारांबाबत मराठी माणसाला जेवढे आयते मिळाले आहे तेवढे फार थोड्यांना मिळते. जपानी अक्षरमालेचा क्रम आ-इ-उ-ए-ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे, तो बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृत वर्णक्रमाच्या अभ्यासातून आला आहे. ‘ना’ आणि ‘मा’ यांच्यामध्ये ‘हा’ का आला, असे वाटेल. त्या ओळीचा उच्चार पूर्वी ‘प’चा होता, म्हणजे ती आपल्या प-वर्गाच्याच जागी बसली आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना ‘त्सु’ जमत नाही, आपला ‘चूक’मधला च म्हणजेच तो. ‘चिंच’ या एका शब्दात ‘चि’चा तालव्य च आणि शेवटचा दंततालव्य च, असे जपानीला लागणारे दोन्ही उच्चार आहेत. ‘जीव’मधला ज त्यांच्या ‘जि’चा, ‘जागा’मधला ज त्यांच्या ‘झा’चा. शेवटचा ‘न्’ पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, तो आपला अनुस्वारच आहे: ‘शिंबुन’मध्ये म्, ‘शिंकानसेन’मध्ये ङ्, हे आपण न सांगता बरोबर म्हणतो. फक्त त्या न् नंतर स्वर आला की जपून राहा. ‘किन्-एन’ म्हणजे धूम्रपानास मनाई आणि ‘किनेन’ म्हणजे स्मरणार्थ. आपण न आणि ए जोडून टाकतो आणि धूम्रपानबंदीचे स्मारक उभे करतो.

मराठी माणसाची खरी दुबळी बाजू दीर्घ स्वर. ‘सुत’ आणि ‘सूत’ हा फरक आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसा पाळत नाही, आणि ए-ओ यांच्यात तर आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच ठाऊक नाही. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. चाळिशीच्या बाईंना चुकून आजी म्हटल्याचे परिणाम मी सांगायला नकोत. तुम्ही राहता त्या शहराचे नावच दीर्घ ओकाराने सुरू होते, ‘ओओसाका’. मराठीत लिहिताना आपण तो एक ओ खाऊन टाकतो. दर दिवशी दहा मिनिटे शिक्षिकांचे किंवा पुस्तकाचे ध्वनिमुद्रण ऐकत बोटांनी टाळ्यांसारखे ठोके मोजा, दीर्घ स्वराला दोन ठोके, न् ला एक, ‘कित्ते’मधल्या थांब्याला एक. बालिश वाटेल, पण याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

कांजीबद्दल, आणि त्या चिनी मुलांबद्दल. नित्य वापराच्या सरकारी यादीत २०१० च्या सुधारणेपासून २,१३६ कांजी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांशी तुमच्या शेजाऱ्याची शाळेपासून ओळख आहे, तेव्हा वाचनाच्या वेगात त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. त्याला ‘ताबेते मिरु’ समजायला जेवढा वेळ लागतो तेवढा तुम्हाला लागत नाही, एवढे लक्षात ठेवा आणि शक्य तर त्याच्याशीच जोडी जमवा. एका कांजीचे दोन-दोन उच्चार कशाला, ही तक्रार मात्र मराठी माणसाने करू नये. पाण्याच्या कांजीचा एकटे असताना ‘मिझु’ आणि जोडशब्दात ‘सुइ’ असा उच्चार होतो: ‘सुइदोओ’ म्हणजे नळाचे पाणी पुरवणारी व्यवस्था, ‘सुइएइ’ म्हणजे पोहणे. आपण तहान लागल्यावर ‘पाणी’ मागतो आणि ‘जलवाहिनी’, ‘जलाशय’, ‘जलतरण’ म्हणतो, ‘पाणीतरण’ म्हणत नाही. त्यांनी चिनीतून घेतले, आपण संस्कृतातून. म्हणून कांजी सुटी पाठ करू नका, तीन जोडशब्दांत पाठ करा. आठवड्याला ३० कांजी हाताने लिहिल्यात तर एका सत्रासाठी पुरे, सुटीच्या आठवड्यांसकट धरूनही ४०० च्या आसपास होतात.

ओसाकात राहण्याची एक अडचण पुस्तकात नसते. वर्गात प्रमाण जपानी शिकवतात आणि प्रयोगशाळेतली मुले आपसात ओसाकाची बोली बोलतात. ‘वाकारानाइ’ (समजत नाही) ला ‘वाकाराहेन’, ‘चिगाउ’ (तसे नाही) ला ‘चाउ’, ‘होन्तोओ’ (खरेच) ला ‘होन्मा’, ‘दामे’ (चालणार नाही) ला ‘आकान’. जेवणाच्या काठ्या आणि पूल दोन्ही ‘हाशि’, फरक केवळ स्वराच्या चढ-उताराचा, आणि तो चढ-उतार टोकियोत आणि ओसाकात उलटा आहे. तुम्ही कोल्हापूरचे आहात. पुण्याच्या शाळेत बदली होऊन गेलेल्या मुलाला काय वाटते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. बोली कानाने शिका, लिहायला आणि प्राध्यापकांशी बोलायला प्रमाणच वापरा, आणि जेव्हा मित्र स्वतःहून तुमच्याशी ‘आकान’ म्हणू लागतील तेव्हा समजा की वर्गाबाहेरचा वर्ग सुरू झाला.

प्राध्यापकांचे म्हणणे त्यांच्या बाजूने खरे आहे, शोधनिबंध इंग्रजीत लिहायचा असेल तर त्यांना तुमच्या जपानीची गरज नाही. पण चर्चासत्र संपल्यावर चहाच्या यंत्रापाशी जे बोलणे होते, उपकरण कोणी कधी वापरायचे हे जिथे ठरते, ते जपानीत होते, आणि पुढे तिथेच नोकरी करायची झाली तर बऱ्याच कंपन्या एन-२ ची अपेक्षा ठेवतात. वर्ग आणि चर्चासत्र एकाच वेळी येत असतील तर प्राध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा, नोव्हेंबरात नव्हे.

मोबाईलवरचे भाषा शिकवणारे ॲप वाईट नाही, शब्द घोटायला वापरा. ते तुम्हाला अडवत नाही एवढाच त्याचा दोष आहे. भाषा अडल्यावर येते, आणि अडण्यासाठी दुकान पुरते. जवळच्या कोंबिनित, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, जेवणाचा डबा घेतलात की काउंटरवरचा मुलगा एका दमात विचारतो, डबा गरम करू का, पिशवी लागेल का, काठ्या देऊ का. नवा विद्यार्थी तिन्हींना ‘हाइ’, म्हणजे ‘हो’, म्हणतो आणि गरम झालेली कोशिंबीर घेऊन घरी जातो. पिशवीचे पैसेही पडतात, कारण जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशव्या विकतच द्याव्यात असा नियम आहे. तुम्ही या सत्रात एवढे करा की रोज एका दुकानात एका प्रश्नाला ‘हाइ’ किंवा ‘इइए’ (नाही) यापलीकडचे पूर्ण वाक्य उत्तर म्हणून द्यायचे. अर्धवेळ काम घेण्याचा विचार असेल तर परवानगी काढल्यावर सत्राच्या काळात आठवड्याला २८ तासांची मर्यादा आहे, पण पहिल्या महिन्यात ते नकोच.

डिसेंबरच्या परीक्षेचा प्रश्न खरे तर निकालात निघालेला आहे. ही परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि जपानमध्ये डिसेंबरच्या परीक्षेची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आटोपते; तुम्ही तेव्हा घरी होतात. जुलैची नोंदणी वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमारास होते, ती चुकवू नका. एन-३ ला १८० पैकी ९५ गुण लागतात आणि तीनही भागांत किमान १९ लागतात, म्हणजे कांजी कच्चे असताना केवळ श्रवणाच्या बळावर ती निघत नाही, तेव्हा जुलै हीच योग्य वेळ आहे.

राहिला वर्ग बदलण्याचा अर्ज. नावनोंदणीत बदल करण्याची मुदत सत्राच्या सुरुवातीला थोडेच दिवस असते, म्हणून ईमेलची वाट न पाहता उद्याच तासिकेनंतर शिक्षिकांना गाठा. काय म्हणायचे ते लिहून देते: ‘कुरासु ओ हितोत्सु शिता नि काएते इतादाकेनाइ देश्योओ का.’ ‘काएते’ म्हणजे बदलून. ‘इतादाकु’ हे घेण्याचे, मिळण्याचे नम्र रूप. आणि शेवटी नकारार्थी प्रश्न. ‘एक खालचा वर्ग बदलून मिळणार नाही का?’ असे तुम्ही कोल्हापुरात मुख्याध्यापिकांना जसे विचारले असते, त्याच सुरात विचारा.